सात नंबरच्या तीन रिकाम्या पेट्या

शेडमध्ये ठोकळेमामांचं खरं आडनाव कोणाला आठवत नव्हतं. हजेरी घेणारासुद्धा “ठोकळे” अशी हाक मारी आणि मामा “आहे” म्हणून मान हलवत. घरी बायको चिडली की तीही म्हणे, “अहो ठोकळे, जेवायला येताय, की तिकडेच पाठवून देऊ?”

नाव पडलं ते कामावरून. जमिनीत खोल बोअर मारायची, आतला दगड पोकळ नळीत धरून अखंड वर काढायचा, असा तो धंदा. दगड मनगटाएवढ्या जाड कांड्यांनी वर येतो. त्या कांड्या लांबट पेटीतल्या खाचांमध्ये, निघाल्या त्याच क्रमानं मांडायच्या. डावीकडे वरचा दगड, उजवीकडे खालचा. वाचायला बसल्यासारखं वाचता आलं पाहिजे. जिथे दगड नळीत आलाच नाही, तिथे लाकडाचा ठोकळा ठोकायचा. ठोकळ्याचा अर्थ शेडमधल्या उंदरालाही ठाऊक होता: इथे दगड असायला हवा, पण नाही.

हे ठोकळे मामा तासत. दुसऱ्या कोणी तासलेला त्यांना चालत नसे. खाचेला घासून बसला पाहिजे, कांडीला टेकला पाहिजे, पेटी उलटी केली तरी हलता कामा नये. नवीन माणूस कामाला लागला की मामा त्याला आपला एक ठोकळा बोटांनी काढायला सांगत. तो घामाघूम झाला की म्हणत, “हाताने निघतो तो ठोकळा नाही. तो पाहुणा.”

दुसरा त्यांचा नियम उचलण्याचा. पेटी दोघांनी उचलायची. एकट्यानं उचलली की एक टोक झुकतं, कांड्या सरकतात, दगडाला दगड घासतो आणि मग कोण कुठला ते कळत नाही. हा नियम रिकाम्या पेटीलाही लागू होता. गाडीवाला एकदा हसला. “मामा, हिच्यात तर हवाच आहे.”

“मग हवा सांडेल. धर तिकडून.”

शेडमध्ये अशा रिकाम्या पेट्या तीनच होत्या. तिन्ही सात नंबरच्या बोअरच्या, एकापुढे एक. वरच्या बाजूला भरलेली पेटी, तिच्या शेवटी मामांचा ठोकळा. मग या तीन. मग पुन्हा भरलेली पेटी, तिच्या सुरुवातीला मामांचा ठोकळा. शेडची जागा दोनदा बदलली, एकदा छप्पर उडालं. तिन्ही पेट्या मामांनी दरवेळी दुसऱ्याला पलीकडून धरायला लावून नेल्या, क्रमानं लावल्या, पुसल्या. घरी बायकोला ते सांगत, “तुझ्या भावाची पोकळी सांभाळतोय मी.”

आणि ते खरंच तसं होतं.

सात नंबरची बोअर मेहुण्यानं मारली होती. मेहुणा म्हणजे मामांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तेव्हा तो मशीनवर आणि मामा शेजारी, पेटीपाशी. दोघंही तरणेबांड. एके दुपारी मशीन नेहमीसारखं कण्हत होतं, ते एकदम गप्प झालं. बोअरमध्ये सोडलेले लोखंडी दांडे हातातून सुटल्यासारखे खाली गेले आणि धाडकन कुठेतरी टेकले. पंपानं आत सोडलेलं पाणी बोअरमधून परत वर यायचं, तेही येईनासं झालं.

“पोकळी!” मेहुणा ओरडला. “खाली पोकळी आहे!”

इंजिनिअर तंबूतून धावत आला. शेजारच्या सहा बोअरमध्ये पोकळी लागली नव्हती, तेव्हा सातवीत लागणं त्याला शिस्तीला धरून वाटलं नाही. “पोकळी कसली! डुलकी लागली तुला. पंप बंद पडला ते कळलं नाही. दगडाचा चुरा करून घालवलास.” तो ओरडत राहिला. मामांनी घाईघाईनं नळीतून आलेली शेवटची, चिखलानं माखलेली कांडी पेटीत ठेवली आणि नियमाप्रमाणे लगेच ठोकळा मारला. घाई होती, तरी ठोकळा असा बसला की तसा पुन्हा त्यांच्या हातून कधी बसला नाही.

पेट्यांवर शिक्का पडला: नमुना हरवला. मेहुण्याचं मशीन गेलं. त्याची रवानगी पंपघरात झाली. तिथे फिरवायला एकच चाक होतं, आणि तेही दुसराच फिरवायचा.

नातेवाईक म्हणजे नातेवाईकच. कोणाचा चष्मा सापडला नाही, चमचा कमी भरला, मोजा एकटाच राहिला, की कोणीतरी म्हणणारच, “सात नंबरमध्ये बघा!” मेहुणा ताटावरून उठायचा. मग ताई, म्हणजे मामांची बायको, बोलणाऱ्याला असं काही सुनावायची की त्याची मोज्याची हौस फिटायची. मेहुण्याचं लग्न ठरत आलं होतं, तेही मोडलं. मुलीकडचे म्हणाले, जो एवढा दगड हरवतो, तो संसारात काय काय हरवेल. त्यानं मग दुसरीकडे बघितलंच नाही. वय उतरणीला लागलं तरी दर रविवारी मामांकडे चहाला यायचा, आणि दर रविवारी कधी ना कधी विषय तिथे यायचाच.

“दाजी, तुम्ही होतात ना शेजारी? दांडे पडले की नाही?”

“पडले.”

“पाणी थांबलं की नाही?”

“थांबलं.”

“मग?”

“मग काय. मी पेट्या ठेवल्यात ना तशाच.”

यापलीकडे मामांपाशी काही नव्हतं. दगडातलं त्यांना कळत नसे. किती जड आहे, कुठून धरायचा आणि कोणानंतर कोण, एवढंच त्यांचं शास्त्र.

दगडातलं कळायचं ते बाईंना. या बाई कार्यालयातून यायच्या, गळ्यात भिंग, हातात वही. कांडी उचलायच्या, आणि चक्क चाटायच्या. पहिल्या दिवशी मामांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांना वाटलं, तहान लागली असेल, मागायला संकोचत असतील. बाई हसून म्हणाल्या, ओला केला की दगड बोलतो. मामांनी मग एक ओला फडका कायमचा तिथे ठेवला. दगड बोलो, पण माणसानं चाटावा हे त्यांना बघवत नव्हतं.

एकदा बाईंनी सात नंबरच्या पेट्या ओळीनं मांडायला लावल्या आणि खालून वर बोट फिरवत गेल्या.

“मामा, हा चुनखडीचा चिखल. गुडघाभर पाण्यात बसलेला, हे त्यातले शिंपले. समुद्र वर चढला तेव्हाचा. मग चिखल साचत साचत पाण्याच्या पातळीला आला, की हे पापुद्रे. भरतीला ओले, ओहोटीला उघडे. त्यावर हे तडे, ऊन लागलं. आणि ही तांबडी साय, तिच्यात केसासारखी मुळं. समुद्र मागे हटला, जमीन झाली, काहीबाही उगवलं.”

“आणि मग?”

“मग समुद्र परत आला. परत चिखल, परत शिंपले.”

मामांनी त्याच्या वरची पेटी पाहिली. मग तिच्या वरची. “दरवेळी तेच?”

“साधारण तेच. कधी खूप वर आला, कधी जेमतेम. थर कधी जाड, कधी पातळ. तेच तर मोजायचं.”

“आमच्या व्याह्यांसारखं आहे,” मामा म्हणाले. “येतात, बसतात, चिखल करतात. गेले म्हणून दार लावावं, तर परत दारात.”

बाई मोजत मोजत मामांच्या त्या ठोकळ्यापर्यंत आल्या. शिक्का वाचला, ‘हरवला’, आणि पुढच्या भरलेल्या पेटीकडे गेल्या. त्यांच्याआधी आलेले सगळेही तिथून तसेच गेले होते. मामांनी तिन्ही रिकाम्या पेट्या पुसून परत लावल्या.

असं सगळं सुरळीत चालू असताना शेडला नवे साहेब आले.

ते आधी बुटांच्या गोदामात होते. तिथे त्यांनी म्हणे डाव्या आणि उजव्या बुटांचे वेगवेगळे मजले करून जागा वाचवली होती. येताना मोठा वजनकाटा घेऊन आले, म्हणून शेडनं त्यांचं नाव वजनसाहेब ठेवलं. पहिल्याच दिवशी ते रांगांमधून फिरले. चिखल, पापुद्रे, तडे, तांबडं. चिखल, पापुद्रे, तडे, तांबडं. चौथ्या रांगेला त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“हे सगळं सारखंच आहे. एकेक नमुना ठेवू, बाकी रस्त्याच्या भरावाला देऊ.”

बाई तिथेच होत्या. “साहेब, उद्या तुम्हाला कोणी म्हणालं, तुमचे सगळे दिवस सारखेच दिसतात, एक ठेवा, बाकीचे टाका. तर?”

साहेबांनी यावर मनापासून विचार केला. “कोणता ठेवायचा ते मी ठरवायचं, की वरून ठरून येईल?”

वरून ठरून आलं. मुख्य कार्यालयानं कळवलं की दगड असलेली एकही पेटी हलवू नये. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांना रस्ता सापडला. दगड असलेली हलवायची नाही. दगड नसलेलीबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता. काटा बाहेर आला. एकेक पेटी चढू लागली. पेटीचं स्वतःचं वजन वजा करून जे उरेल ते लिहायचं, आणि काही उरलं नाही तर पेटी बंबात.

सात नंबरच्या पहिल्या रिकाम्या पेटीला काट्यानं शून्य दाखवलं. दुसरीला शून्य. तिसरी मामांनी आणि गाडीवाल्यानं दोन टोकांना धरून सावकाश ठेवली. तिलाही शून्य.

“आत काय आहे?” साहेब म्हणाले.

“काही नाही.”

“मग ठेवल्यात कशाला?”

“काही नाही ते ठेवायला.”

साहेब चिडले नाहीत. ते खरोखर समजून घ्यायला बघत होते. “बरं. पण काही नाही हे एका पेटीत का मावत नाही?”

“तीन पेट्यांचं काही नाही आहे ते, साहेब. एकीत कोंबलं तर वरचा दगड खालच्याला येऊन चिकटतो. मग जेवढं खणलं तेवढं उरत नाही.”

“जास्त खणलं हे चांगलं, की कमी खणलं हे चांगलं?”

“जेवढं खणलं तेवढं चांगलं.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “सोमवारपर्यंत यांच्यात वजन दिसलं पाहिजे. नाहीतर बंब.”

बाई लांबच्या कामावर गेल्या होत्या, महिनाभर येणार नव्हत्या. मामा जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. तिथे फुटक्या दगडांचा ढीग पडलेला. तिन्ही पेट्या भरतील एवढा दगड हाताशी होता. पण दगड घालणं म्हणजे मेहुण्यानं दगड काढला होता असं म्हणणं. मग तो इतकी वर्षं ओरडला कशासाठी? वाळू घाला, विटा घाला, तेही खोटंच. मामांना एकच वस्तू खरी वाटली. लाकूड. ठोकळ्याचा अर्थ ठरलेला होता. तीन पेट्यांत दगड नाही, तर तीन पेट्या भरून ठोकळा.

नव्या पंपाचं खोकं पडून होतं. मामांनी त्याच्या फळ्या सोडवल्या, खिळे उपटले, फळीवर फळी चिकटवून शिकंज्यात आवळल्या. सुकल्यावर रंधा घेतला. खाच गोल, तेव्हा लाकूडही गोल हवं. रंध्याच्या दर दोन हातांना ते कांडी शेजारी धरून बघत. रविवारी चहाला मेहुणा आला तेव्हा मामा शेडमध्येच होते. खांदे भरून आले, तळहाताला फोड आले, पण सोमवारी सकाळी तिन्ही पेट्या काठोकाठ भरलेल्या होत्या आणि एकही ठोकळा बोटानं निघत नव्हता. काट्यावर वजन दिसलं. साहेबांनी मान डोलावली.

कोणी म्हणेल, इथे गोष्ट संपली. पण नोंदणीच्या टेबलावर एक मुलगी बसायची, आणि तिच्यासमोर साहेबांनी आणलेला नवा संगणक. पेटीचं वजन टाकलं की तो विचारी, आत काय? चुनखडी, वाळू, कोळसा, लाकूड की इतर? ‘इतर’ म्हटलं की तो आणखी तीन पानं प्रश्न विचारी, म्हणून ‘इतर’ कोणीच म्हणत नसे. मुलीनं पेटीत डोकावून पाहिलं. लाकूड होतं. तिनं लाकूड म्हटलं.

संगणकानं त्याचं चित्र काढलं. सात नंबरचा उभा खांब, वर निळा समुद्र, खाली निळा समुद्र, आणि मध्ये जाडजूड तपकिरी पट्टा. ते चित्र मुख्य कार्यालयात गेलं. तिथून फोन आला तेव्हा वजनसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले आणि उभ्यानेच बोलले.

“मामा! तुमच्या सात नंबरमध्ये जंगल सापडलं!”

“कुठे?”

“समुद्र हटला होता ना, तेव्हाचं. तीन पेट्या भरून खोडं!”

“साहेब, ते लाकूड मी—”

“तुम्हीच! तुम्हीच सांभाळलंत. मी तसं लिहिलंय वर.”

“तसं नाही. ते मी परवा—”

“परवाच मी काट्यावर चढवलं म्हणून उघडकीस आलं. नाहीतर बंबात जात होतं! ही बोअर मारली कोणी?”

मामांच्या तोंडून निघून गेलं, “माझ्या मेहुण्यानं.”

“सत्कार,” साहेब म्हणाले, आणि फोनकडे वळले.

मामा घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. बायकोनं कपाटातला चांगला कोट काढून भावासाठी झटकून ठेवला होता. ती गुणगुणत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, मामांनी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. मेहुणा खुर्चीच्या टोकावर बसला होता.

“दाजी, जंगल कसलं?”

मामांनी सगळं सांगितलं. पंपाचं खोकं, रंधा, सोमवार, नोंदणीची मुलगी. सांगताना त्यांना स्वतःलाच ते खरं वाटेना. गुणगुणणं थांबलं.

“म्हणजे खोकं,” मेहुणा म्हणाला.

“चांगलं लाकूड होतं,” मामा म्हणाले.

“असू दे ना खोकं,” बायको म्हणाली. “त्यांनी तुला फुकट बदनाम केलं. आता फुकट सत्कार करू देत. फिटली ना फिटाफिट!”

“ताई, मी पोकळी म्हणालो होतो.”

“अरे, पोकळीचा सत्कार कोण करतं? घे जंगल आणि गप्प बस. त्या व्याह्यांच्या तोंडावर टाक. म्हणावं, शोधा आता मोजे जंगलात!”

मेहुण्यानं कोट घालून पाहिला. खांद्यात सैल होता. आरशात बघत तो म्हणाला, “उद्या कोणी म्हणालं, पोकळी होती असं तू ओरडायचास, मग हे लाकूड कुठून आलं? म्हणजे मी त्या दिवशी खोटं बोललो असंच ना?”

ताईनं कोटाचं बटण लावून दिलं. “जाऊन तर ये.”

सत्काराला शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पांढरं कापड घातलेल्या टेबलावर सात नंबरच्या पाच पेट्या: वरची भरलेली, मधल्या तीन, खालची भरलेली. पेट्यांना रिबीन. मुख्य कार्यालयातून दोन माणसं आली होती आणि ती लाकडाकडे हात मागे बांधून आदरानं बघत होती. बाईही बातमी ऐकून काम टाकून आल्या होत्या, थेट प्रवासातून, बुटांना चिखल. ताई पहिल्या रांगेत. मामा भिंतीशी.

साहेब बोलले. समुद्र मागे हटला, झाडं वाढली, समुद्र परत आला, झाडं बुडाली आणि काट्यावर चढली. मग त्यांनी मेहुण्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मेहुणा टेबलापाशी गेला. लाकडावरून हात फिरवला. एका जागी बोट थांबलं. खिळ्याचं भोक होतं.

“मी खणलं तेव्हा,” तो म्हणाला, “इथे काही नव्हतं.”

टाळ्या पडल्या.

“नाही, ऐका. खरंच काही नव्हतं. दांडे पडले.”

“किती विनय आहे बघा!” साहेब म्हणाले. टाळ्या वाढल्या.

“अहो, विनय गेला खड्ड्यात! हे खोक्याचं लाकूड आहे! माझ्या दाजींनी रंधा मारलाय त्यावर!”

मुख्य कार्यालयाची माणसं मामांकडे वळली आणि त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवू लागली. मेहुण्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं रिबीन ओढून काढली आणि लाकडाच्या टोकाला बोटं घालून ते उपसायला लागला. लाकूड हललं नाही. मामांना अशा वेळीही आत कुठेतरी बरं वाटलं.

बाई तोवर टेबलाशी आल्या होत्या. त्यांनी भिंगातून खिळ्याचं भोक पाहिलं, लाकूड हुंगलं, आणि साहेबांकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “हे खोक्याचंच आहे.” टाळ्या थांबल्या. मग त्या मेहुण्याकडे वळल्या. “दांडे पडले म्हणालात?”

“पडले. पाणीही थांबलं. पंप चालू होता.”

बाई वरच्या पेटीवर वाकल्या. शेवटची कांडी, आणि तिला भिडलेला तो जुना ठोकळा. “मामा, या कांडीचं खालचं टोक कसं आहे?”

“टोक?”

“ठोकळ्याला टेकलंय ते. दगड चुरला असेल तर टोक घासलेलं, ताजं तुटलेलं असेल. पोकळी असेल तर वेगळं दिसेल. मी इतकी वर्षं ठोकळ्यापर्यंत मोजत आले आणि पुढे गेले. काढा ना तो.”

मामा जवळ आले. त्यांनी तो ठोकळा मारला होता ती दुपार त्यांना हातात आठवली. “तो नाही निघायचा, बाई.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी तसा मारलाय. निघायचा नाही. फोडावा लागेल.”

सगळी शेड मामांकडे बघत होती. मेहुणा बघत होता, सैल कोटात. मामांनी पटाशी आणि हातोडी आणली. पहिला घाव त्यांनी उगाच हलका घातला. ठोकळा तसाच. दुसरा घाव मनापासून घातला. लाकूड मधोमध उभं फाटलं. दोन फाका त्यांनी चिमट्यानं उचलल्या, खिशात ठेवल्या, आणि ओल्या फडक्यानं कांडीचं टोक पुसलं.

दगड तुटलेला नव्हता. गुळगुळीत होता, आणि त्याला खालच्या अंगाला बारीक बारीक गाठी लोंबत होत्या, मेणबत्ती गळून थिजावी तशा. गाठींवर चमचम.

बाई बराच वेळ भिंगातून डोळा काढेनात. मग म्हणाल्या, “हे छत आहे.”

“कशाचं?” साहेब म्हणाले.

“आता खालचा.”

खालच्या पेटीतला ठोकळा फोडताना मामांनी एकच घाव घातला. त्या कांडीचं वरचं टोक तांबड्या मातीनं माखलेलं, आणि मातीत वरून पडलेल्या दगडाच्या कपच्या.

“आणि ही फरशी,” बाई म्हणाल्या. “समुद्र हटला. नुसता हटला नाही, चांगला खाली गेला, आणि बराच काळ खाली राहिला. पावसाचं पाणी या दगडात उतरलं आणि त्यानं आतून दगड खाल्ला. गुहा झाली. इथून इथपर्यंत.” त्यांनी तीन पेट्यांवरून हात फिरवला. “सगळ्या बोअरमध्ये समुद्र इतका खाली गेल्याची ही एकच खूण आहे. आणि ती इथेच आहे, काही नसण्यात.”

मेहुणा खुर्चीवर बसला. “म्हणजे दांडे पडले.”

“पडणारच. खोलीत पडले तुमचे दांडे.”

“तेच मी सांगत होतो.”

ताईनं पदरानं नाक पुसलं. मग नवऱ्याकडे बघितलं, आणि तिचा आवाज सगळ्या शेडनं ऐकला. “म्हणजे इतकी वर्षं पुरावा तुमच्या ठोकळ्यामागे होता? आणि तुम्ही तो बसवलात असा, की कोणाच्या बापाला निघू नये?”

“घट्ट बसवायचाच असतो,” मामा म्हणाले.

मेहुण्यानं कोटाची बाही तोंडावर धरली. मामांना वाटलं रडतोय. तो हसत होता. “दाजी, जरा ढिला मारला असता तर माझं लग्न झालं असतं हो!”

“ढिला?” मामा म्हणाले. “ढिला कसा मारणार?”

साहेब अजून अडचणीत होते. हातातल्या प्रशस्तिपत्रावर ‘प्राचीन जंगल’ छापलेलं होतं. “पण लाकूड काढलं तर परत शून्य. गुहेचं वजन मी काय लिहू?”

“पेटीचं लिहा,” बाई म्हणाल्या. “पेटी वजा करू नका.”

साहेबांनी नोंदणीच्या मुलीकडे पाहिलं. “असं चालतं?”

“चालतं की,” ती म्हणाली. “कोणी विचारलंच नव्हतं.”

पुष्पगुच्छ मेहुण्यानं घेतला. प्रशस्तिपत्र परत दिलं. “जंगलाचं तुमच्याकडेच असू दे.” पेट्यांवरचा ‘हरवला’ हा शिक्का बाईंनी खोडला आणि खाली स्वतःच्या अक्षरात ‘गुहा’ लिहिलं.

माणसं चहाकडे गेली. मामांनी तिन्ही लांब ठोकळे फोडून काढले, पेट्या झटकल्या, आतला भुसा फडक्यानं टिपला. पहिली पेटी रांगेत न्यायची होती. सवयीनं त्यांनी डावं टोक धरलं आणि गाडीवाल्याला हाक मारणार, तोच पलीकडच्या टोकाला मेहुणा येऊन उभा राहिला. कोट काढून खांद्यावर टाकलेला.

“दाजी, ही रिकामीच आहे ना?”

“हो.”

“मग मी एकटा नेतो.”

“दोघांनी,” मामा म्हणाले. “खालून धर. झुकवू नकोस.”

मेहुण्यानं खालून धरलं. दोघांनी एकदम उचललं, आणि पाय मोजून टाकत, वाटेत कुठेही न टेकवता, ती गुहा रांगेपर्यंत नेली.